यंत्राची गंगाजळी

आपल्या भाषेंत ‘गंगाजळी’ या शब्दास दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही एकाच घरांत सुखानें नांदत आले आहेत. देवघरांतील गंगोदकाचें बंद केलेलें तांब्याचें भांडें ही एक गंगाजळी. आणि जमाखर्चांत अडीअडचणीसाठीं बाजूस काढून ठेवलेली, एरवीं हात लावावयाचा नाहीं अशी शिल्लक ही दुसरी. पहिलीचा उपयोग माणसाच्या शेवटच्या घटकेस. दुसरीचा उपयोग घरावर कठीण प्रसंग ओढवला म्हणजे. दोहोंचें मर्म एकच आहे. गरज पडेपर्यंत ती निरुपयोगी दिसते, आणि गरज पडल्यावर ती आयत्या वेळीं कोठूनहि उत्पन्न करतां येत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही जिचा इतिहास सांगणार आहों ती गंगाजळी घरांतली नव्हे, संगणकांतली आहे. संगणक सुरू होतांच त्याच्या मेमरीचा एक सलग तुकडा बाजूस काढावयाचा. रोजच्या कामांत त्यास कोणी शिवावयाचें नाहीं. आणि यंत्र कोसळलें म्हणजे त्या तुकड्यांतून दुसऱ्या एका व्यवस्थेनें उठून मृताचा पंचनामा करावयाचा, अशी ही योजना आहे. विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटेल. परंतु जें बहुधा कधींच लागणार नाहीं त्यासाठीं किती राखून ठेवावें, हा प्रश्न केवळ यंत्रशाळेंतला नाहीं; म्हणून साहित्याच्या वाचकांपुढें तो मांडण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

संगणकावरील सर्व कार्यक्रमांवर देखरेख करणाऱ्या, त्यांस मेमरी वांटून देणाऱ्या आणि उपकरणांशीं बोलणाऱ्या मूळ भागास कर्नल म्हणतात. हा कर्नल पलटणींतला नव्हे, तरी त्याचा अंमल तितकाच कडक आहे. एखादा साधा कार्यक्रम बिघडला तर कर्नल त्यास बाहेर घालवितो आणि बाकीचें काम चालूं राहतें. परंतु खुद्द कर्नलच्याच हिशेबांत विसंगति आढळली तर त्यास जाब विचारणारा वर कोणी नसतो. अशा वेळीं आणखी नुकसान होऊं नये म्हणून तो आपण होऊन थांबतो. युनिक्सच्या परंपरेंत यास ‘पॅनिक’ असें नांव आहे. यंत्र पुन्हां सुरू केलें कीं जुनी मेमरी नव्या कामासाठीं वापरली जाते, आणि अपघाताचा पुरावा तिच्याबरोबर पुसला जातो. पेढीचे व्यवहार, रुग्णालयांतील नोंदी, आगगाडीचीं तिकिटें हीं ज्या यंत्रांवर चालतात त्यांपैकीं एखादें मध्यरात्रीं बंद पडलें आणि पहांटे निमूटपणें पुन्हां चालूं लागलें, तर तें कां बंद पडलें होतें हें कोणासच सांगतां येत नाहीं. आणि जें कां बंद पडलें हें ठाऊक नाहीं, तें उद्यां पुन्हां बंद पडणार नाहीं असें म्हणण्यास आधार काय?

हा पुरावा जपण्याची खटपट जुनी आहे. १९५३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील ‘व्हर्लविंड’ नांवाच्या संगणकास जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखालीं चुंबकीय कड्यांची मेमरी बसविण्यांत आली. फेराइटच्या बारीक कड्या तारांच्या जाळींत ओंवलेल्या असत, आणि कडीच्या चुंबकत्वाच्या दिशेवरून तिच्यांत एक आहे कीं शून्य हें ओळखलें जाई. अशा कडीस इंग्रजींत ‘कोअर’ म्हणत. यंत्र बंद पडल्यावर साऱ्या कड्यांतील मजकूर बाहेर काढून ठेवणें म्हणजे ‘कोअर डंप’. त्या कड्या पुढें पदार्थसंग्रहालयांत गेल्या आणि त्यांची जागा सिलिकॉनच्या चकत्यांनीं घेतली. पण मागें राहिलेला शब्द आजहि प्रचारांत आहे. त्या काळीं डंप म्हणजे कागदांचा गठ्ठा असे. षोडशमान पद्धतींतील आंकड्यांनीं भरलेलीं पानेंच्या पानें मेजावर पसरून, हातांत पेन्सिल घेऊन, मृत यंत्राच्या मनांत शेवटीं काय होतें याचा शोध घ्यावा लागे.

आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या परंपरेंत यासाठीं एक स्वतंत्र कार्यक्रम निर्माण झाला. मुख्य व्यवस्था कोसळली कीं चालकानें तो बाहेरून यंत्रावर चढवावा, आणि त्यानें सारी मेमरी टेपवर किंवा डिस्कवर उतरवून घ्यावी. कल्पना उत्तम होती. पण तिच्या पोटांत एक पेंच होता. पंचनामा करणारा हा कार्यक्रम चालावयाचा म्हणजे त्यासहि मेमरींत कोठेंतरी बसलें पाहिजे, आणि तो जेथें बसेल तेथला पुरावा नष्ट होणार. म्हणून त्यास चढविण्यापूर्वीं प्रोसेसरची स्थिति ठरलेल्या ठिकाणीं नोंदवून ठेवण्याची दक्षता घ्यावी लागे. साक्षीदारास उभें राहावयास जागा लागते, हा या इतिहासांतला पहिला धडा होय.

युनिक्सचा जन्म लहान यंत्रांवर झाला. १९७९ सालीं बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकांत या प्रसंगाविषयीं दिलेली सूचना अगदीं साधी आहे : टेप चढवून तयार ठेवावी, यंत्र थांबवावें, ४४ हा पत्ता कळींनीं भरावा आणि यंत्र चालूं करावें, म्हणजे सारी मेमरी टेपवर उतरेल. अर्थात् कोणीतरी जागें आणि जाणतें माणूस यंत्रापाशीं हजर असल्यावांचून हें घडणें शक्य नव्हतें. पुढें बर्कली येथील युनिक्समध्यें, १९८० च्या सुमारास, या कामास माणसाची आवश्यकता राहिली नाहीं. कोसळणारा कर्नल स्वतःच आपली मेमरी डिस्कवरील ‘स्वॅप’च्या भागांत लिहून ठेवी, आणि यंत्र पुन्हां सुरू झालें कीं ‘सेव्हकोअर’ नांवाचा कार्यक्रम तेथून ती उचलून नेहमींच्या फाइलींत ठेवी. स्वॅपचा भाग म्हणजे एरवीं मेमरी अपुरी पडल्यास तिचा मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा. यंत्र मेल्यावर तेथल्या मजकुराशीं कोणास कांहीं कर्तव्य नसे. उसन्या जागेंत केलेली ही सोय पुष्कळ वर्षें चालली.

मात्र तींत एक मूलभूत दोष होता. जो कर्नल आपल्या हिशेबांत चूक झाली असें स्वतःच जाहीर करीत आहे, त्याच्याच हातून, त्याच्याच डिस्क ड्रायव्हरच्या साहाय्यानें, शेवटचा जबाब लिहून घेतला जाई. चूक खुद्द त्या ड्रायव्हरमध्येंच असली तर? स्वॅपचा पत्ता ज्या कोष्टकांत लिहिला आहे तें कोष्टकच बिघडलेलें असलें तर? मग जबाब तर राहतोच बाजूला, पण डिस्कवरील चांगल्या मजकुरावर बोळा फिरण्याचें भय. बुद्धिभ्रंश झालेल्या माणसास मरणशय्येवर दौत-लेखणी देऊन मृत्युपत्र लिहावयास बसवावें, आणि त्यानें तें घराच्या दस्तऐवजांवरच लिहावें, तशांतला हा प्रकार होय.

लिनक्सचा उदय १९९१ सालचा. त्याच्या पहिल्या कांहीं वर्षांत अशा पंचनाम्याची सोय मूळ कर्नलांत नव्हती. मोठमोठ्या कंपन्या लिनक्स वापरूं लागल्या तसतशी ही उणीव भासूं लागली. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनें १९९९ च्या सुमारास एक योजना पुढें आणली. तींत कोसळणारा कर्नलच डिस्कवर लिहीत असे. रेड हॅट या कंपनीनें जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे मेमरी पाठविण्याची तोड काढली. डिस्कवर लिहिण्याचीच, पण अधिक सावधपणाची आणखीहि एक पद्धति निघाली. यांतली एकहि मूळ कर्नलांत कायमची रुजली नाहीं. निरनिराळ्या तऱ्हेच्या या योजनांत एक गोष्ट समान होती : जो मेला त्याच्यावरच सारी भिस्त.

कोंडी फुटली ती एका निराळ्याच उद्देशानें केलेल्या कामामुळें. एरिक बीडरमन यांनीं २००२ सालीं ‘केएक्झेक’ नांवाची युक्ति पुढें मांडली होती. चालूं असलेल्या कर्नलनें यंत्राच्या आरंभींच्या लांबलचक तपासण्या टाळून एकदम दुसऱ्या कर्नलच्या हातीं कारभार द्यावा, म्हणजे यंत्र लवकर सुरू होईल, एवढाच तिचा मूळ हेतु होता. परंतु वारसाच्या हातीं कारभार जर इतक्या सहज देतां येतो, तर मृत्यूच्या क्षणींच तो कां देऊं नये? वारस ताजा, निर्दोष, स्वतःचे ड्रायव्हर घेऊन आलेला. तो शांतपणें पूर्वजाची मेमरी वाचील आणि पाहिजे तेथें जपून ठेवील. या विचारांतून ‘केडंप’ उत्पन्न झालें. २००५ च्या जुलै महिन्यांत कॅनडांतील ऑटावा येथें भरलेल्या लिनक्स परिषदेंत विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनीं त्यावर निबंध सादर केला. यांपैकीं पहिले व तिसरे गृहस्थ आयबीएमच्या हिंदुस्थानांतील शाखेंत काम करीत होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस संतोषकारक वाटेल. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें निघालेल्या २.६.१३ या आवृत्तींत केएक्झेक आणि केडंप या दोहोंचाहि समावेश झाला.

आतां मुख्य मुद्दा. वारसास राहावयास जागा कोठें द्यावयाची? पूर्वजाच्या जागेंत तो बसला तर पुरावा पुसला जाईल, हें आयबीएमच्या जुन्या यंत्रांनीं शिकविलेंच होतें. पण त्याहून गंभीर एक कारण होतें. आधुनिक यंत्रांतील कित्येक उपकरणें कर्नलची वाट न पाहतां थेट मेमरींत लिहितात. जाळ्यावरून मजकूर आणणाऱ्या कार्डास कर्नलनें एकदां सांगून ठेवलेलें असतें कीं, ‘येणारीं पत्रें अमुक कोनाड्यांत टाकीत जा’. धनी मेला हें टपालवाल्यास ठाऊक नसतें. तो त्याच कोनाड्यांत पत्रें टाकीत राहतो. कोसळलेल्या अवस्थेंत प्रत्येक उपकरणास गांठून ‘आतां थांब’ असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, कारण सांगणारा स्वतःच बेभरंवशाचा झालेला असतो. नवा भाडेकरी नेमका त्याच कोनाड्यांत आपलें धान्य भरूं लागला, तर त्यावर टपाल येऊन पडणार आणि वारसहि पूर्वजाच्या वाटेनें जाणार. यावर उपाय एकच : जी जागा पूर्वजानें हयातींत कोणत्याहि उपकरणास कधींच दाखविली नाहीं, तींतच वारसानें राहावें. आणि अशी जागा आयुष्याच्या आरंभींच वेगळी काढावी लागते. यंत्र कांहीं काळ चाललें कीं मेमरी लहान लहान तुकड्यांत वांटली जाते. मग मोठा सलग तुकडा मिळणें दुरापास्त होतें, आणि मिळालाच तर त्यास कोणाचा स्पर्श झालेला नाहीं अशी ग्वाही कोणी देऊं शकत नाहीं.

म्हणून यंत्र सुरू करतांना कर्नलास ‘क्रॅशकर्नल’ या नांवाची एक सूचना द्यावयाची प्रथा पडली. आरंभींच्या काळांत तिचें नमुनेदार रूप असें असे : १६ मेगाबाइटच्या ठिकाणापासून पुढें ६४ मेगाबाइट राखून ठेव. त्या वेळीं वारस कर्नल त्याच ठिकाणीं चालेल असा वेगळा घडवावा लागे. २००७ सालीं दोन टप्प्यांनीं, आधीं ३२ बिटांच्या आणि मग ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर, एकच कर्नल कोणत्याहि ठिकाणीं चालण्याची सोय झाली आणि ही दुहेरी मेहनत वांचली.

मृत्यूच्या क्षणीं काय घडतें तेंहि थोडक्यांत सांगतों. पहिला कर्नल इतर प्रोसेसरांस थांबवितो, त्यांच्या शेवटच्या स्थितीची टिपणें ठेवतो, आणि एका चिमुकल्या मधल्या कार्यक्रमाकडे वळतो. या कार्यक्रमाचें नांव ‘पर्गेटरी’ आहे. ख्रिस्ती कल्पनेप्रमाणें मृत्यु आणि स्वर्ग यांच्यामध्यें आत्म्याच्या शुद्धीचें जें स्थान, त्यावरून तें घेतलेलें. त्याचें काम नांवास साजेसेंच आहे : राखलेल्या जागेंतील वारसाच्या मजकुराची गणिती मुद्रा काढून ती आरंभीं नोंदविलेल्या मुद्रेशीं ताडून पाहावयाची. मरतांमरतां पहिल्या कर्नलनें तेथें वेड्यावांकड्या रेघा ओढल्या असतील तर मुद्रा जुळत नाहीं, आणि मग वारसास उठूंच दिलें जात नाहीं. इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर मेमरीच्या अगदीं आरंभींचे ६४० किलोबाइट वारसास लागतातच. म्हणून तेवढ्यांतील जुना मजकूर आधीं राखीव जागेंत नकलून ठेवण्याची रीत पडली. वारस उठतो तो बहुधा एकाच प्रोसेसरवर, आणि राखीव तुकडा हीच आपली सारी इस्टेट असें मानून. पूर्वजाची प्रचंड मेमरी त्यास फक्त एका फाइलीसारखी वाचावयास मिळते. ती गाळून, दाबून, कामापुरती डिस्कवर ठेवण्यासाठीं ‘मेकडंपफाइल’ नांवाचें साधन आहे. रिकामीं व बिनमहत्त्वाचीं पानें तें सोडून देतें; नाहींतर शेंकडों गिगाबाइटांचा पंचनामा ठेवावयास दुसरें गोदामच पाहावें लागेल.

येथवर सारें ठीक. परंतु राखावें किती, या प्रश्नानें पुढचीं वीस वर्षें लोकांस सतावलें. फार राखलें तर तेवढी मेमरी यंत्राच्या आयुष्यभर फुकट गेली. कमी राखलें तर ऐन वेळीं वारस उपाशी मरतो. किती लागेल तें यंत्रांत कोणतीं उपकरणें आहेत, त्यांचे ड्रायव्हर किती खादाड आहेत आणि पंचनामा कोठें ठेवावयाचा आहे यांवर अवलंबून. डिस्क कुलूपबंद सांकेतिक लिपींत असेल तर तें कुलूप उघडण्याच्या क्रियेसच कधीं कधीं राखीव जागेहून अधिक मेमरी लागते. कारण ती क्रिया चोरास महाग पडावी म्हणून मुद्दामच मेमरी खाणारी केलेली असते. जुन्या मर्यादाहि होत्या. ६४ बिटांच्या यंत्रांतहि राखीव तुकडा फार दिवस खालच्या ८९६ मेगाबाइटांतच बसवावा लागे. २०१३ सालीं तो चार गिगाबाइटांच्या वर ठेवण्याची मुभा मिळाली, तरी जीं उपकरणें तितक्या उंचावर पाहूंच शकत नाहींत त्यांच्यासाठीं थोडी जागा खालीं ठेवावीच लागली.

रेड हॅटनें आपल्या लिनक्समध्यें कांहीं काळ ‘ऑटो’ असा शब्द चालविला. म्हणजे किती राखावें तें कर्नलनेंच ठरवावें. पण उद्यांच्या वारसास काय लागेल हें आजच्या कर्नलास कळणार कसें? २०२२ सालीं निघालेल्या नवव्या आवृत्तींत हा शब्द काढून टाकला गेला, आणि इंटेल पद्धतीच्या यंत्रांसाठीं उघड कोष्टक आलें : १ ते ४ गिगाबाइट मेमरी असल्यास १९२ मेगाबाइट, ४ ते ६४ असल्यास २५६, आणि त्याहून अधिक असल्यास ५१२. २००५ चे ६४ मेगाबाइट कोठें आणि हे ५१२ कोठें! घर मोठें झालें तशी गंगाजळीहि मोठी झाली.

आमच्या परिचयाच्या एका कार्यालयांत जें घडलें तें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. तेथला एक सर्व्हर एके रात्रीं कोसळला. राखीव जागा पाहूं गेलें तर शून्य. ‘उगीच मेमरी अडकून पडते’ म्हणून कोणी काटकसरी गृहस्थांनीं ती सूचना काढून टाकली होती. मग कोठल्याशा जुन्या टिपणांतला आंकडा घालून जागा राखली. कांहीं आठवड्यांनीं यंत्र पुन्हां कोसळलें. या खेपेस वारस उठला, पण अर्ध्यावरच त्यास मेमरी पुरेना आणि तोहि आडवा झाला. पंचनाम्याची फाइल निघाली ती रिकामी. तेव्हां कोठें तेथल्या एका तरुण कारकुनानें सुटीच्या दिवशीं ते यंत्र मुद्दाम कोसळवून पाहिलें. तशी अधिकृत किल्लीच लिनक्समध्यें ठेवलेली आहे. जागा दोनदां वाढविली, आणि पंचनामा पुरा उतरतो अशी खात्री झाल्यावरच तो घरीं गेला. तिसऱ्या अपघातानंतर एका ड्रायव्हरमधील चूक दुसऱ्याच दिवशीं सांपडली. पहिल्या दोन रात्रींचें कारण मात्र कायमचें अज्ञात राहिलें. तीच ती चूक असेल असा सर्वांचा तर्क आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

अलीकडे या गंगाजळीचा संसारास थोडा उपयोग व्हावा अशीहि तजवीज झाली आहे. २०२५ सालीं लिनक्समध्यें असा एक मार्ग आला कीं, राखीव जागेचा कांहीं भाग एरवीं सामान्य कार्यक्रमांस वापरूं द्यावा, कर्नलनें मात्र त्यांत आपला हलवितां येण्याजोगा मजकूर सोडून दुसरें कांहीं ठेवूं नये. सामान्य कार्यक्रमांचीं पानें बहुधा पंचनाम्यांत घेतलींच जात नाहींत, म्हणून तीं पुसलीं गेलीं तरी तक्रार नाहीं. तथापि टपालवाल्याचें भय येथें पुन्हां उभें राहतें. म्हणून कोसळल्यावर वारसास उठविण्यापूर्वीं दहा सेकंद थांबण्याची योजना केली आहे, म्हणजे वाटेंत असलेलें टपाल तोंवर पडून जावें. ही सोय चांगली आहे. पण तिच्यांत थोडी जोखीम शिल्लक आहे हें तिच्या कर्त्यांनीं लपविलेलें नाहीं, आणि निखळ राखीव असा एक भाग त्यांनाहि ठेवावाच लागला आहे.

कड्यांच्या मेमरीपासून येथपर्यंतचा हा प्रवास सत्तर वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यांत लोकांची बुद्धि कमी पडली असें नाहीं. युनिक्सचे कर्ते किंवा बर्कलीची मंडळी यांच्या चातुर्याविषयीं कोणास शंका नाहीं. परंतु आपण बिघडलों असतांहि आपला जबाब आपणच नीट देऊं, हा भरंवसा त्यांच्या योजनांत गृहीत धरलेला होता, आणि तो सोडून देण्यास वेळ लागला. तो सोडल्यावर उत्तर साधें निघालें : दुसरा साक्षीदार, त्यास निराळी खोली, आणि ती खोली पहिल्याच दिवशीं बंद करून ठेवणें. ज्या यंत्रांच्या स्वाधीन आपण आपले पैसे, आपलीं औषधें आणि आपले प्रवास केले आहेत, त्यांच्या चालकांनीं एवढी जागा राखली आहे काय, आणि ती पुरते कीं नाहीं हें कधीं पाहिलें आहे काय, असें विचारण्याचा अधिकार सामान्य माणसासहि आहे. देवघरांतल्या गंगाजळीचें झांकण कोणी रोज उघडून पाहत नाहीं. पण आंतलें पाणी आटलें तर नाहीं ना, एवढें सणावारीं हालवून पाहणारी वडील मंडळी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे.